पाणी दाखवलं

साळूनं त्या दिवशी पाणी प्यायलं नव्हतं, आणि ते मला माहीत होतं. हे एवढं वाक्य कबूल करायला मला अकरा वर्षं लागली. मल्हारी तात्यांविषयी लिहायचं तर सुरुवात इथूनच करायला हवी. त्यांच्या हातून एक मोठी चूक झाली असं आमच्या ओळखीतले सगळे कालपरवापर्यंत मानत होते. ती चूक माझी होती.

पडेगावच्या पुढे माळावर एक तबेला आहे. शहराला तेव्हा औरंगाबाद म्हणायचे. आम्ही दहा-बारा जण तिथं आपापले घोडे ठेवायचो. त्यात एक वकीलसाहेब होते, एक दातांचे डॉक्टर होते, दोन व्यापारी होते आणि मी. मी मूळचा देवगाव रंगारीचा, शेतकऱ्याच्या घरचा. राहायला पुंडलिकनगरात आणि नोकरीला वाळूजच्या एका कारखान्यात. आमचा नाद शर्यतीच्या मैदानाचा नव्हता. आम्ही लांब पल्ल्याची स्वारी करायचो. एका दिवसात चाळीस किंवा साठ किलोमीटर, माळावरून, ओढ्यांतून, घाटाच्या पायथ्यानं. जो आधी पोहोचेल तो पहिला, पण त्याला एक अट असते. प्रत्येक टप्प्याच्या शेवटी घोडा तपासतात. ठरलेल्या वेळात त्याची नाडी मिनिटाला चौसष्टपर्यंत खाली यायला हवी, चाल सरळ हवी, अंगातलं पाणी आटलेलं नको, पोटाचा आवाज यायला हवा. यातलं काही बिनसलं असेल तर स्वार कितीही पुढे असो, त्याची स्वारी तिथंच संपते.

आमच्याकडे ही तपासणी दोघं करायची. एक जनावरांच्या डॉक्टरबाई, आणि दुसरे मल्हारी तात्या.

तात्या पिशोरकडचे धनगर. मेंढरं कमी झाली, चराऊ रानं गेली, तेव्हा ते तबेल्यावर घोड्यांच्या कामाला लागले. वय साठीच्या आसपास असेल. उंच, वाळलेले, पुढे किंचित झुकलेले. चालताना हात मागे बांधलेले. ते घोड्याजवळ समोरून कधी जायचे नाहीत. बाजूनं यायचे, थोडा वेळ नुसते उभे राहायचे आणि घोड्यानं मान वळवून त्यांच्याकडे बघितलं की मगच हात लावायचे. एखाद्या घोड्यानं बघितलंच नाही, तर तसेच निघून जायचे. "आज त्येचं मन नाय," एवढंच म्हणायचे.

मी साळूला घेऊन पहिल्यांदा तिथं गेलो तो दिवस मला चांगला आठवतो. साळू म्हणजे साळुंकी, माझी घोडी. तांबूस अंग, काळी आयाळ, घोडेवाले याला कुमैत म्हणतात. मला वाटलं, तात्या तिचे दात बघतील, खूर उचलून बघतील. त्यांनी तिच्याभोवती एक फेरी मारली आणि विचारलं, "हिच्यावर कोण बसनार?"

"मीच."

"मंग तुमी त्या हिरीपत्तुर चालत जा आन् माघारी या."

"मी?"

"घोडी लई चांगली चालती, ते मी गाडीतून उतरतानाच बघितलं. तुमी कसं चालता ते बघू द्या."

मी विहिरीपर्यंत गेलो आणि आलो. तबेल्यातले सगळे बघत होते. तात्या म्हणाले, "डावा पाय वढता तुमी. गुडघा दुखतो का?" कबड्डीत दुखावलेला माझा गुडघा दुखायचा, पण ते मी कुणाला सांगितलं नव्हतं. "बसताना सगळा भार उजव्या अंगाला टाकचाल. म्हैन्याभरात हिच्या उजव्या पाठीला गाठ येती बघा." मग त्यांनी मला पंधरा दिवस रिकिबीशिवाय, नुसत्या घोंगडीवर बसवलं. ती गाठ आली नाही.

खोगीर काढलं की घोड्याच्या पाठीवर घामाचा ठसा राहतो. तात्या तो ठसा वाचायचे. वाचायचे हाच शब्द बरोबर आहे. कुठं घाम सारखा आला, कुठं एखादी जागा कोरडी राहिली, म्हणजे तिथं फार दाब पडला, हे ते बोट न लावता सांगायचे. एकदा वकीलसाहेबांच्या घोड्याकडे बघून म्हणाले, "साहेब, मागल्या उजव्या खिशात काय ठिवता?"

वकीलसाहेबांनी खिशात हात घालून पाकीट काढलं. चांगलं जाडजूड होतं.

"धा कोस ह्ये घोड्याच्या मणक्यावर वागवलं तुमी. त्येला काय कळतंय आतमधी काय हाय ते. त्येला धोंडाच."

"तात्या, कोर्टात माझ्याविरुद्ध कधी साक्ष द्यायला येऊ नका," वकीलसाहेब म्हणाले.

"बलावलं तर येईन की," तात्या म्हणाले. "पर घोडं संग आणावं लागंल. मी काय माणसाचं वाचत नाय."

हा माणूस स्वतः घोड्यावर कधीच बसला नव्हता. हे मला कळलं तेव्हा आधी खोटं वाटलं. मी त्यांना कारण विचारलं. ते गवताची पेंढी सोडत होते. मान वर न करता म्हणाले, "आमच्यात घोडीवर बिऱ्हाड असतं. भांडी, कोंबड्या, तान्ही लेकरं, रातीत जलमलेली कोकरं. मी बसलो तर कोकरं कुठं बसायची?" लहानपणापासून पन्नाशीपर्यंत ते घोडीच्या शेजारून चालले होते, पावसाळा संपला की दूर रानात आणि पुढच्या पावसाआधी परत. घोडीचा श्वास त्यांच्या खांद्याशी असायचा. दमली कधी, भ्याली कधी, तहानली कधी, हे त्यांनी चालता चालता शिकून घेतलं होतं. आम्ही वर बसून जे बघत होतो ते तिच्या कानांच्या मधून दिसणारं होतं. तात्यांना तिचा डोळा दिसायचा.

म्हणूनच ते परत आलेल्या स्वाराला किती वेळ लागला हे कधी विचारायचे नाहीत. ते विचारायचे, "घोडीनं कुटं कुटं कान टवकारले?" पहिल्यांदा मला उत्तर देता आलं नाही. "मंग तुमी नुस्तं बसून आलात," ते म्हणाले. त्यानंतर मी बघायला लागलो. शरणापूरजवळच्या एका बंद पडलेल्या खडी मशीनपाशी साळू नेहमी डावा कान मागे घ्यायची. शाळा सुटायच्या वेळी वस्तीजवळून जाताना तिची मान उंच व्हायची. मी चाळीस वर्षांचा होतो आणि आयुष्यात प्रथमच दुसऱ्या कुणाच्या नजरेनं रस्ता बघत होतो. कारखान्यातही मला जास्त ऐकू येऊ लागलं, असं माझी बायको म्हणायची. ती चेष्टेत म्हणायची, पण ते खरं होतं.

नाडीची गोष्ट सगळ्यात नवलाची. तात्यांना घड्याळ वाचता यायचं नाही. ते घोड्याच्या डाव्या कोपरामागे तळवा ठेवायचे, डोळे मिटायचे आणि ओठ हलवायचे. थोड्या वेळानं म्हणायचे, "आलं." किंवा, "नाय आलं अजून." घोडा समोर उभा असला तरी त्यांच्या हिशेबी तो अजून रस्त्यातच असायचा. पाय थांबले तरी काळीज धावतंय, म्हणजे घोडं आलेलं नाही.

डॉक्टरबाई नव्या आल्या तेव्हा त्यांना हे पटेना. साहजिक होतं. त्यांनी विचारलं, "तात्या, तुम्ही मोजता कसं?"

"ववी म्हनतो मनात. सुंबरानाची, आमच्या देवाच्या गाण्याची. तेवढी संपस्तोर किती ठोके पडले ते बघायचं."

"आणि ओवी लांबली तर?"

"कशी लांबंल? चालताना म्हनायची ववी हाय ती. पाय लांबत नाय, ववी बी लांबत नाय."

बाईंनी त्यांना ती मोठ्यानं म्हणायला लावली आणि घड्याळ लावलं. एकसष्ट सेकंद. पुन्हा म्हणायला लावली. साठ. मग त्यांनी एका बाजूनं स्टेथोस्कोप लावला, दुसऱ्या बाजूला तात्यांनी तळवा ठेवला. संपल्यावर बाई म्हणाल्या, "अठ्ठावन्न." तात्या म्हणाले, "तीन इसाला दोन कमी." तात्या विसांनी मोजायचे, मेंढरं मोजतात तसं. बाईंनी मनात हिशेब केला आणि हसल्या. चौसष्ट ही आमच्या नियमातली मर्यादा, तिला तात्या 'तीन इसा आन् चार' म्हणायचे. त्या दिवसापासून दोन तपासण्यांपैकी एक त्यांच्याकडे आली. तपासणीच्या कार्डावर त्यांच्या सांगण्यावरून एक चौकोन वाढवला, पाण्याचा. पाणी प्यायलं असेल तर तात्या त्यात उभी रेघ मारायचे, नसेल तर गोल.

त्यांचा नियम साधा होता. पहिल्या टप्प्याला घोडं पाणी पीत नाही, पुष्कळांचं तसं असतं, काळजी नाही. दुसऱ्या टप्प्यालाही प्यायलं नाही तर पुढे जायचं नाही. "त्येला तहान लागलीया, पर ते इसरलंय," ते म्हणायचे. "इसरलेल्याला पळवू नाय."

त्या फेब्रुवारीत साठ किलोमीटरची स्वारी होती. तीन टप्पे. सकाळी गारवा होता, दहानंतर ऊन तापलं. पहिल्या तपासणीला साळूनं पाणी हुंगलं आणि तोंड फिरवलं. मधल्या ओढ्यात तिनं नाक बुडवलं, फुरफुरली आणि पुढे निघाली. दुसरी तपासणी म्हैसमाळच्या पायथ्याशी एका चिंचेखाली होती, तिथं तात्या. आम्ही पोहोचलो तेव्हा माझ्यापुढे फक्त वकीलसाहेब होते, आणि त्यांच्या घोड्याचा नाल ढिला झाला होता. म्हणजे तिथून निघताना मी पहिला असणार होतो.

मी आयुष्यात कशातच पहिला आलो नव्हतो. हे कारण म्हणून सांगत नाही, तेव्हा डोक्यात काय होतं तेवढं सांगतो.

अर्ध्या कापलेल्या पिंपात पाणी भरून ठेवलेलं होतं. मी साळूला पिंपाशी नेलं. तिनं ओठ ओले केले आणि मान वर घेतली. पुन्हा नेलं. पुन्हा तेच. तात्या वकीलसाहेबांच्या घोड्याचा पाय धरून बसले होते, त्यांची पाठ आमच्याकडे होती. मग ते हात पुसत आले, बाजूनं उभे राहिले. साळूनं त्यांच्याकडे बघितलं. त्यांनी तळवा ठेवला, डोळे मिटले.

"आली. तीन इसाला दोन कमी." मग त्यांनी तिच्या पोटाला कान लावला, आधी डाव्या अंगाला, मग उजव्या. उजव्या अंगाला जरा जास्त वेळ. "हिकडून जरा गप हाय पोट. पाणी दाखवलं का?"

"दाखवलं," मी म्हणालो.

आमच्याकडे गावात जनावराला पाणी दाखवलं म्हणजे पाजलं. संध्याकाळी घरी आलेला माणूस विचारतो, बैलांना पाणी दाखवलं का, आणि उत्तर येतं, दाखवलं. त्यात बैल प्यायले हे धरलेलंच असतं. न प्यालेल्या बैलाविषयी कुणी 'दाखवलं' म्हणून गप्प बसत नाही. तो म्हणतो, दाखवलं, पर प्याला नाय. दातांच्या डॉक्टरांना किंवा व्यापाऱ्यांना तात्यांनी 'प्यालं का' असं विचारलं असतं. मला ते गावाच्या भाषेत विचारत होते. आणि त्याच भाषेच्या फटीत मी उभा राहिलो. मी पाणी दाखवलं होतं. शब्द खरा होता. त्या शब्दामागं लपता येतं हे शहरातल्या माणसाला सुचलंच नसतं.

तात्यांनी उभी रेघ मारली. "धा मिनिटं सावलीत हुबी ऱ्हाऊ द्या. उतारावर खाली उतरून चाला. पोट गप असल्यावर दुसऱ्या कुणाला सोडलं नसतं. देवगावकर, तुमी हाय म्हनून सोडतो."

तिथून पुढे बारा किलोमीटरवर साळू थांबली. मी टाच दिली नाही, तेवढी लाज होती. मी उतरलो तेव्हा तिचे मागचे पाय लाकडासारखे कडक झाले होते. तिनं लघवी केली, ती कोऱ्या चहासारखी काळपट होती. ती माझ्याकडे बघत नव्हती, कुठंच बघत नव्हती. डॉक्टरबाई जीप घेऊन आल्या. दोन दिवस सलाईन चाललं. साळू जगली, पण तिच्या पाठीवर पुन्हा खोगीर चढलं नाही. मी तिला देवगावच्या शेतावर नेलं. तिथं ती सहा वर्षं चरली आणि गेली.

आठ दिवसांनी तबेल्यातल्या लिंबाखाली आम्ही सगळे बसलो. डॉक्टरबाईंनी मला विचारलं, "दुसऱ्या तपासणीला पाणी प्यायली होती ना?"

"दाखवलं होतं," मी पुन्हा म्हणालो.

वकीलसाहेबांनी कार्ड बघितलं. "इथं रेघ आहे. म्हणजे पाजलं होतं."

बाई प्रामाणिक, कुणावर ढकलणाऱ्या नव्हत्या. "पाणी प्यायली असेल तर मग नाडीच मोजायला चुकली असणार," त्या म्हणाल्या. "तेव्हाच ती वर असणार. नाहीतर इतक्या लवकर असं होत नाही."

सगळ्यांनी तात्यांकडे बघितलं. ते तबेल्याच्या खांबाला टेकून उभे होते. "तीन इसाला दोन कमी व्हती," ते म्हणाले. "पर देवगावकर पाजलं म्हनत्यात. मंग माझाच हात चुकला असंल."

त्यांना माझा संशय आला असता तर बरं झालं असतं. मला शिव्या दिल्या असत्या, मी भांडलो असतो, भांडताना खरं बाहेर पडलं असतं. त्यांनी माझा शब्द आणि स्वतःचा हात शेजारी ठेवले, आणि माझा शब्द उचलला. मी चहाचा कप खाली ठेवला आणि काहीही बोललो नाही.

तात्यांना कुणी काढलं नाही. नाडी यापुढे यंत्रानं बघू, तुम्ही चारापाणी बघा, असं ठरलं. महिनाभर ते होते. त्या महिन्यात मी त्यांना घोड्याच्या अंगाला हात लावताना बघितलं नाही. दोरीला धरून न्यायचे, दोरीला धरून आणायचे. मग एक दिवस पिशोरला गेले ते परत आले नाहीत. मीही घोडा पुन्हा घेतला नाही. लोकांना वाटलं, साळूच्या दुःखानं.

गेल्या हिवाळ्यात डॉक्टरबाई एका लग्नात भेटल्या. बोलता बोलता म्हणाल्या, "अहो, पिशोरकडे एक घोडी अडली होती, तिथं गेले होते. तात्यांची वस्ती शेजारीच. लोक त्यांना बोलवत होते, मी यायच्या आधी बघा म्हणून. ते कुंपणाबाहेर उभे राहिले, आत आले नाहीत. म्हणाले, माझा हात खोटा निघालाय, मी कुठल्याच जनावराला लावत नाय." बाईंनी जिलबीचा तुकडा मोडला. "मला वाईट वाटलं. एका चुकीसाठी इतकं मनाला लावून घ्यायचं नसतं."

मी तिथं, त्या मांडवातच, त्यांना सांगितलं. बाई जिलबी हातात धरून उभ्याच राहिल्या. "मला कशाला सांगताय?" एवढंच म्हणाल्या.

पुढच्या रविवारी मी पिशोरला गेलो. वस्ती गावाबाहेर, चार घरं. अंगणात तात्या बाजेवर बसले होते. फार थकले होते, खांदे आत गेले होते. त्यांची लेक, चाळिशीची, भुईमुगाच्या शेंगा फोडत होती. तिच्याबरोबर शेजारच्या दोन बायका आणि दोर वळत बसलेला एक म्हातारा. मी वाटेत वाक्यं जुळवून ठेवली होती. हळू बोलायचं, दोघांतच राहील असं. मी बाजेच्या टोकाशी बसलो, त्यांच्याकडे झुकलो आणि म्हणालो, "तात्या, मी देवगावकर. त्या दिवशीच्या पाण्याचं सांगायचं होतं."

"आं?"

"पाण्याचं, तात्या."

"पाणी? अगं, पाव्हन्याला पाणी आन."

लेक उठली, तांब्या-भांडं घेऊन आली. "कान गेल्यात त्येंचे, दादा," ती म्हणाली. "वरडून बोला. हळू बोलल्यालं काय ऐकू येत नाय."

मी पाणी प्यालो. मग जरा मोठ्यानं म्हणालो, "साळू पाणी प्याली नव्हती."

बायकांचे हात थांबले. दोर वळणाऱ्या म्हाताऱ्यानं वर बघितलं. तात्यांना ऐकू गेलं नव्हतं, पण काहीतरी झालंय हे त्यांना चेहऱ्यांवरून कळलं. त्यांनी लेकीकडे बघितलं. "काय म्हनतोय गं?"

लेक माझ्याकडे बघत होती. तिला कोण साळू आणि कोणतं पाणी, हे सगळं माहीत होतं, हे मला तिच्या बघण्यावरून समजलं. अकरा वर्षं ती त्याच घरात राहत होती.

"मी नाय सांगनार," ती मला म्हणाली. "तुमचं तुमीच सांगा. हिरीपलीकडं ऐकू जाईल असं सांगा."

तात्यांनी कानामागं हात धरला आणि मान माझ्याकडे वळवली. त्यांचे डोळे पाणावलेले, मोतीबिंदूनं दुधाळ झालेले, पण नवलानं भरलेले होते, पूर्वी असायचे तसे.

मी उभा राहिलो आणि माझ्या आयुष्यात मी कधी ओरडलो नसेन इतक्या मोठ्यानं ओरडून सांगितलं, "तात्या, घोडी प्याली नव्हती. मला ठाऊक होतं. मी दाखवलं म्हणालो, पाजलं नव्हतं. तुमचा हात खरा होता. लबाडी मी केली. माझं चुकलं, तात्या. मला माफ करा."